कुंपणाच्या आतलं तळं

मोजणीताईला माळावर येऊन सहा वर्षं झाली होती. ती आली होती तात्पुरती.

त्याआधी ती शहरात बियाणांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. भिंगाखाली बी मोजायचं. किती उगवलं, किती कुजलं ते लिहायचं. तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली होती आणि खोलीत एकटीचं राज्य. आई आधीच गेली होती. मग एका सकाळी वडिलांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. धाकटा भाऊ तेव्हा नुकताच परदेशात स्थिरावत होता, त्याच्या बायकोला जुळं झालेलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू जातेस ना तात्पुरती? माझं इथलं जरा मार्गी लागू दे, मग बघतो." तेव्हापासून तो बघतच होता.

वडील माळाचे कुंपणवाले. माळाभोवतीची एकोणीस किलोमीटर तार त्यांच्या हातची. खांब त्यांनी पुरले, तार त्यांनी ताणली, आणि पुढे वीस वर्षं तिची डागडुजीही त्यांनीच केली. फाटकाशेजारचं दोन खोल्यांचं घर माळ राखणाऱ्या संस्थेनं त्यांना कामापुरतं दिलेलं होतं. काम थांबल्यावर घरही सोडावं लागलं असतं, पण संचालकबाईंनी तोडगा काढला: मुलगी बी मोजते, तर जनावरंही मोजेल. म्हणजे घरासाठी नोकरी, बाबांसाठी घर, आणि बाबांसाठी ती स्वतः. यातली एक कडी निखळली असती तर सगळी साखळी सुटली असती, म्हणून कुठलीच कडी हलवायची सोय नव्हती.

सकाळी साडेसहाला मोजणी. अठ्ठेचाळीस घोडे, एकसष्ट गाईबैल. घोडे बुटके, मातकट रंगाचे, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत काळी रेघ. या जातीचे साऱ्या जगात मिळून काही शेच उरले होते. गाई काळ्या, रुंद शिंगांच्या, दूध बेताचंच देणाऱ्या. त्यामुळे कुणी पाळेना आणि संकर होता होता त्यांचीही जात संपत आलेली. ही जनावरं कुणाच्या मालकीची असल्यासारखी वागत नसत. हाक मारली तर येत नसत, हात लावू देत नसत. माळावर जन्मायची, माळावर मरायची.

ही जनावरं यायच्या आधी माळाचं नुसतं रान झालं होतं. शेती सोडून दिलेली जमीन. त्यावर कमरेइतकं राठ गवत आणि काटेरी झुडपं माजलेली. खालची बारकी फुलझाडं उन्हावाचून मेली होती आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी निघून गेले होते. यंत्रानं कापून पाहिलं, पण यंत्र सगळं एका उंचीत कापतं, न्हाव्यानं शाळेच्या पोरांचे केस कापावेत तसं. घोडा तसा चरत नाही. एका ठिकाणी अगदी मुळाशी जाऊन खुडतो, चार पावलांवर तोंडसुद्धा लावत नाही. गाय जिभेचा विळखा घालून ओढते आणि उरलेलं तसंच ठेवते. घोडे लोळतात तिथे जमीन उघडी पडते, आणि त्या उघड्या मातीत नेमकं ते बी रुजतं जे दाट गवतात कधीच रुजलं नसतं. शेणाला किडे आले, किड्यांमागून पक्षी आले. हे सगळं मोजणीताईला तोंडपाठ होतं, कारण शाळेच्या सहली आल्या की तिलाच सांगावं लागे. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. तीच मोठी पंचाईत होती. काम नावडतं असतं तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

माळाचा एक नियम होता. जनावरांना चारा घालायचा नाही, औषध द्यायचं नाही, मधे पडायचं नाही. दुबळं जनावर मेलं तर त्याचं मढं गिधाडांना आणि किड्यांना. पहिल्या हिवाळ्यात ती एका लंगड्या शिंगरासाठी रडली होती. पुढे रडणं थांबलं. मोजणीच्या वहीत 'वजा एक' लिहायची आणि घरी येऊन बाबांना कुशीवर वळवायची.

बाबांकडे तीनच शब्द उरले होते. 'हं', 'नको' आणि 'च्यायला'. आयुष्यभर बाबांनी घरात कधी शिवी दिली नव्हती. तार ताणताना देत असतील. डॉक्टर म्हणाले होते, ठरवून बोलायची वाट बंद झाली की न ठरवता तोंडातून निघणारे शब्द तेवढे शिल्लक राहतात. त्या एका 'च्यायला'वर बाबांचा सगळा संसार चालायचा. दूध गरम असलं की आखूड च्यायला. पाऊस लांबला की लांबलचक च्यायला. आईच्या फोटोकडे बघून कधीकधी अगदी हळू, जवळजवळ लाडानं, च्यायला.

त्यांचा पलंग खिडकीला लावलेला होता. डाव्या हातात दुर्बीण धरून ते दिवसभर माळ बघत. ती सकाळी जीप घेऊन निघाली की दुर्बीण तिच्या मागे निघे. बारा वाजता ती परत यायची, त्यांना भरवायची, पुसून काढायची, कूस बदलायची. साडेबाराला पुन्हा बाहेर. सहा वर्षांत बाराचे सव्वाबारा झाले नव्हते. माळावर कुठेही उभी असली तरी पाठीवर दुर्बिणीची नजर आहे हे तिला कळायचं. दुपारच्या उन्हात झाडाखाली जरा आडवं व्हावं, तर त्याचीही तिला चोरी वाटे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला संचालकबाईंनी तिला कार्यालयात बोलावून एक पत्र दिलं.

"बस. आधी वाच."

देशाच्या दुसऱ्या टोकाला नवा माळ घेतला होता, इथल्यापेक्षा दुप्पट. इथले बारा घोडे आणि नऊ गाई तिकडे न्यायच्या, आणि तिथलं सगळं काम तिनं बघायचं.

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे माझं घरचं."

"माहीत आहे म्हणूनच हातात दिलं. नुसतं बोलले असते तर तू तिथल्या तिथे नाही म्हणाली असतीस. चार महिन्यांत सांग."

"बाबांना तिकडे नेता येणार नाही. बारा तासांचा रस्ता आहे, आणि ते या खिडकीपासून हलणार नाहीत."

"मग भावाला विचार."

भावाला तिनं विचारलं. तो म्हणाला, "अगं, किती छान! अभिनंदन! बाबांचं काहीतरी बघू या आपण. एखादी चांगली संस्था वगैरे." दोन दिवसांनी त्यानं तीन वृद्धाश्रमांचे पत्ते पाठवले, तिन्ही त्यानं फोनच्या पडद्यावर शोधलेले. तिनं पत्र घडी करून मोजणीच्या वहीत ठेवलं. रोज सकाळी वही उघडली की ते खाली पडायचं, रोज ती उचलून परत ठेवायची.

पाऊस लांबला. गवत पिवळं पडलं, मग राखाडी. माळाच्या मध्यावर एका खळग्यात एकच तळं होतं, ते आटत आटत मधल्या डबक्याएवढं झालं. भोवती गाळाचं रुंद कडं. वरून पापुद्रा वाळलेला, भेगाळलेला. आत खाली लोणी. आडदांड बैलसुद्धा पाय जपून टाकत पाण्यापर्यंत जायचे.

एका मंगळवारी मोजणीत घोडे सत्तेचाळीसच भरले.

तिनं दोनदा मोजलं. नव्हती ती थोरली. थोरली म्हणजे कळपातली सर्वांत म्हातारी घोडी, अठ्ठावीस वर्षांची. ती चालली की कळप चालायचा, ती थांबली की नर घोडेसुद्धा थांबायचे. मोजणीताई जीप घेऊन तळ्याशी गेली तेव्हा दहा वाजले होते. काठाला जीप लावून दार उघडलं आणि तिला थोरली दिसली. पाण्यापासून पंधरावीस हातांवर, पोटापर्यंत गाळात. धडपड करून झालेली होती. भोवतीचा सगळा पापुद्रा फुटला होता. मान तेवढी वर होती. ना आवाज, ना हालचाल.

नियम तिला ठाऊक होता. वहीत 'वजा एक' लिहून निघायचं होतं. ती दारात उभी राहिली. थोरलीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि परत समोर बघायला लागली, स्टँडवर बसची वाट बघणारी माणसं बघतात तशी. मोजणीताईला एकदम काहीतरी असह्य झालं. दया आली म्हणावं तर तसंही नाही. तिनंच पुढे जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं, "मला राग आला होता. कुणाचा, ते नाही कळलं."

जीपमधला दोर खांद्यावर टाकून ती सरळ गाळात चालत गेली. फोन चार्जरला लावलेला, तो तसाच गाडीत राहिला. दारही उघडंच राहिलं.

पहिली दहा पावलं पापुद्र्यानं तोललं. अकराव्याला तो मोडला आणि ती गुडघ्यापर्यंत आत गेली. पाय उपसायला दुसऱ्या पायावर जोर दिला, तो मांडीपर्यंत गेला. मग तिनं तीच चूक केली जी थोरलीनं केली असणार: घाबरून दोन्ही पायांनी धडपडली. धडपड थांबली तेव्हा ती कमरेच्या खाली पूर्ण रुतलेली होती, आणि घोडी तिच्यापासून दोन हातांवर होती.

आधी तिनं हाका मारल्या. खळग्यातून आवाज वर जात नव्हता, आणि वर ऐकायला होतं तरी कोण? माळावर दुसरा माणूस म्हणजे ट्रॅक्टरवाला. तो त्या दिवशी चार किलोमीटरवर उत्तरेच्या कुंपणाशी झुडपं तोडत होता. तिनं दोर फेकून बघितला. पकडायला काठावर दगडसुद्धा नव्हता. गाळ थंड होता, वरून ऊन तापत होतं. पाय होते की नव्हते ते कळेना. गाळ दुखवत नाही. नुसता सोडत नाही.

घड्याळात बारा वाजले. बाबांच्या जेवणाची वेळ. आपण मरू असं तिला अजून वाटलं नव्हतं. बाबांची कूस राहिली, हे आधी वाटलं. आणि त्याचाच तिला इतका संताप आला की ती मोठ्यानं ओरडली, "इथेसुद्धा? इथेसुद्धा सोडत नाही का तुम्ही मला?"

थोरलीचे कान हलले.

"तुला नाही गं," मोजणीताई म्हणाली. हात लांब केला तर घोडीची मान लागत होती. सहा वर्षांत तिनं या जनावराला कधी हात लावला नव्हता, लावायचाही नव्हता. आता लावला. मान गरम होती. घोडीनं चावा घेतला नाही. तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

"सांगू तुला?" ती म्हणाली. "मी वाट बघतेय. बाबा जायची. रोज सकाळी चहा ठेवते आणि आतून खोकल्याचा आवाज आला नाही की क्षणभर, अगदी क्षणभरच, वाटतं, सुटले. मग खोकला येतो. मग मी चहा गाळते."

बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तहान लागली होती फक्त.

इकडे घरात बाबांनी दहा वाजताच जीप तळ्यापाशी थांबलेली पाहिली होती. खळगा त्यांना दिसत नसे, पण जीप दिसत होती आणि तिचं उघडं दार दिसत होतं. जीपचं दार ती कधी उघडं टाकत नसे. आत धूळ जाते म्हणून एकदा ट्रॅक्टरवाल्याला तिनं चांगलं झापलं होतं. साडेदहा झाले, अकरा झाले. दार उघडंच. बारा वाजले आणि ती आली नाही.

फोन समोरच्या भिंतीला होता. पलंगापासून सात पावलं. धडधाकट माणसाची सात. बाबांनी काठी घेतली, उठायचा प्रयत्न केला आणि खाली कोसळले. मग डाव्या कोपरावर सरकत निघाले. वाटेत दोनदा थांबले असावेत, कारण फरशीवर रक्ताचे ओघळ दोन ठिकाणी जास्त होते. भिंतीशी पोचून त्यांनी काठीनं फोन खाली पाडला. तीन बटणांवर तीन नंबर साठवलेले. पहिलं बटण लेकीचं. तो फोन जीपमध्ये वाजत राहिला.

दुसरं मुलाचं. त्यानं उचलला. "बाबा? अरे वा! स्वतःहून फोन! कसे आहात?"

"च्यायला!" बाबा म्हणाले. "च्यायला! च्यायला!"

मुलगा हसला. "हो हो, कळलं. ताईला द्या बघू फोन. नाहीये जवळ? बरं, मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करतो." आणि त्यानं ठेवून दिला.

तिसरं बटण जनावरांच्या डॉक्टरांचं. ते बाबांचे जुने दोस्त, दर रविवारी येऊन पत्ते खेळायचे. बाबा डाव्या हातानं पानं टाकायचे आणि हरले की च्यायला म्हणायचे. डॉक्टरांनी फोन उचलला आणि तो एकच शब्द ऐकला, पाच-सहा वेळा, मधे श्वास लागलेला.

त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं ते असं: "सहा वर्षं मी त्याच्या शिव्या ऐकतोय. हरल्याची शिवी मला माहीत आहे, जिंकल्याची माहीत आहे. ही तिसरीच होती."

डॉक्टर निघाले तेव्हा सव्वा वाजला होता. आधी घरी आले, बाबांना फरशीवर पाहिलं, उचलायला वाकले. बाबांनी त्यांचा हात झटकला. "नको! नको!" आणि काठी खिडकीकडे रोखून धरली. डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली, दुर्बिणीतून पाहिलं आणि निघाले. वाटेतून ट्रॅक्टरवाल्याला फोन केला.

दोन वाजता तळ्याच्या काठावर माणसाचं डोकं दिसलं तेव्हा मोजणीताईला हाक मारायलाही आवाज राहिला नव्हता.

"हलू नकोस पोरी. अजिबात हलू नकोस," डॉक्टर ओरडले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्या काढून त्यांनी गाळावर पसरल्या, वर आडवे झाले आणि रांगत तिच्यापर्यंत आले. पिण्याच्या पाण्याचा डबा तिच्या तोंडाला लावला. मग ट्रॅक्टरवरच्या टाकीची फवारणीची नळी तिच्या पायाशी खोल घालून गाळ सैल व्हावा म्हणून पाणी सोडलं. "आता एकच पाय. हळूहळू गोल फिरव. ताकद नको, कंटाळा येईपर्यंत नुसता फिरवत राहा."

अर्ध्या तासानं ती फळीवर पालथी पडली. एक बूट आतच राहिला.

काठावर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "चल, घरी. बाबा जमिनीवर आहे."

"थोरली?"

ट्रॅक्टरवाला खाली बघत म्हणाला, "नियम आहे ना ताई."

तिनं जीपमधून फोन काढला आणि संचालकबाईंना लावला. सगळं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "तू ठीक आहेस ना? बास. जनावराचं राहू दे. आज एकीला काढलं तर उद्या प्रत्येकीला काढावं लागेल. मग हा माळ राहणार नाही, गोठा होईल."

"मॅडम, नदी दीड किलोमीटरवर आहे," मोजणीताई म्हणाली. तिचा आवाज खरखरत होता. "तळं आटलं तर कळपानं नदीवर जायला हवं होतं. थोरलीनं नेला असता. कुंपण आडवं आलं म्हणून ती या गाळात आली. मधे आपण आधीच पडलोय. आता नियम सांगून काय उपयोग?"

मग बाई म्हणाल्या, "डॉक्टरांना दे."

डॉक्टरांनी फोन कानाला लावला, "हॅलो? हॅलो? काही ऐकू येत नाही हो," असं दोनदा म्हणाले आणि बंद केला. "माळावर रेंजचं काही खरं नाही," ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले. "पट्टा आण. रुंद आण."

थोरलीला काढायला पावणेदोन तास लागले. पोटाखालून पट्टा घालताना डॉक्टर स्वतः मांडीपर्यंत रुतले. मोजणीताई त्यात नव्हती. ती एका बुटानं घरी गेली होती.

बाबा फरशीवर तसेच होते, उशीवर डोकं, डोळे दाराकडे. ती दारात उभी राहिली, चिखलानं माखलेली. बाबांच्या तोंडून एकही शब्द आला नाही, उरलेल्या तिनातलासुद्धा. तिनं त्यांना काखेत धरून पलंगावर घेतलं, कोपर धुतलं, पट्टी बांधली, कोरडे कपडे घातले, दुधात पाव कुस्करून भरवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मग न्हाणीघराचं दार लावून ती खाली बसली आणि पायांवरचा गाळ खरवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा ठेवला. आतून खोकला आला. चहा घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली आणि कपावर नजर ठेवून म्हणाली, "बाबा, काल मी घोडीला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला या घरात राहता येणार नाही." आणि तिनं सांगितली, एक शब्द न बदलता.

बाबांनी दुर्बीण खाली ठेवली. मग त्यांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"हं," ते म्हणाले.

तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा छातीवर दोनदा हात आपटला, जोरात. "हं. हं."

"तुम्ही पण?" तिनं विचारलं. "तुम्ही पण वाट बघताय?"

"हं."

सहा वर्षं दोघं एकाच गोष्टीची वाट बघत होते, शेजारच्या खोल्यांत, एकमेकांपासून लपवून. तिनं चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या पांघरुणावर डोकं टेकून ती रडली, आणि बाबांचा हात तिच्या केसांवर होता. जड, थोडा वेडावाकडा, पण होता. त्या दिवशी मोजणी साडेआठला झाली. कुणाचं काही बिघडलं नाही.

थोरली जगली. गाळातून बाहेर आल्यावर दोन तास पडून होती, मग उठली आणि मागे न बघता कळपाकडे गेली. संचालकबाईंनी डॉक्टरांना खरमरीत पत्र लिहिलं, आणि त्याच आठवड्यात संस्थेच्या बैठकीत नदीचा प्रश्नही मांडला. वाद झाले. कुणी म्हणालं, नदीकाठी लोकांची वर्दळ असते. कुणी म्हणालं, घोडे तिकडून पळतील. शेवटी नदीपर्यंत दोन्ही बाजूंनी तार घालून एक पट्टा मोकळा करायचं ठरलं. त्यासाठी दक्षिणेचं चाळीस मीटर कुंपण तोडावं लागलं. ट्रॅक्टरवाला ते तोडत असताना बाबा दुर्बिणीतून बघत होते. त्यांना वाईट वाटेल म्हणून ती शेजारी बसून होती. तार तुटून मागे उसळली, तसे बाबा हसले.

पत्राचं उत्तर तिनं मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिलं: यंदा जमणार नाही. संचालकबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला.

"यंदा म्हणजे? पुढच्या वर्षी जमेल?"

"माहीत नाही मॅडम. पण विचारा. न विचारता सोडू नका."

"आणि जनावरं पोचवायला? नव्या जागी पहिले चार दिवस तरी त्यांना ओळखणारं कुणी हवं."

त्या संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. "पुढच्या सोमवारी ये. अकरा दिवसांसाठी."

"ताई, असं एकदम कसं जमेल? बघतो मी काय—"

"बघू नकोस. ये. त्या दिवशी बाबा तुला च्यायला म्हणाले, ते मी मरतेय हे सांगत होते."

सोमवारी तो आला, चाकांची बॅग ओढत, दाढी वाढलेली. बाबांना कसं वळवायचं, दूध किती कोमट हवं, हे तिनं त्याला दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या रात्री ती ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली. मागे बारा घोडे होते, त्यातल्या दोघी थोरलीच्या लेकी. गाई दुसऱ्या ट्रकमध्ये.

नवा माळ तिनं पाहिला. तीस वर्षं कुणाचं तोंड न लागलेलं गवत, एकावर एक वाळून गादीसारखं झालेलं. खाली माती दिसत नव्हती. फळी लावल्यावर पहिली घोडी उतरली, वास घेतला, आणि तो राठ, बेचव चारा खायला लागली, जणू कालपासून तिथेच होती. बाकीचे उतरले. संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यात हातभर जागा मुळापर्यंत खुडलेली होती, आणि त्यातून काळी माती दिसत होती. मोजणीताई तिथे उकिडवी बसली आणि सवयीनं बी शोधायला लागली. चार दिवस तिला कुणी बारा वाजता घरी बोलावलं नाही. पहिले दोन दिवस बारा वाजता ती आपोआप उठून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिनं घड्याळात पाहिलं तेव्हा दोन वाजले होते.

चौथ्या संध्याकाळी ती परत निघाली, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचली. भाऊ पायरीवर बसलेला होता. डोळे सुजलेले, शर्टावर दुधाचे डाग. आत बाबांच्या हनुवटीवर दाढी करताना लागलेल्या कापाला कापूस चिकटवलेला होता, आणि ते भिंतीकडे तोंड करून रुसले होते.

ती त्याच्या शेजारी टेकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"ताई," तो म्हणाला, "तू हे रोज कसं करतेस गं?"

गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न तिला पुष्कळांनी विचारला होता आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं: होतं, सवय होते. तिनं एक बूट काढून बाजूला ठेवला.

"होत नाही," ती म्हणाली. "तुझे अजून चार दिवस आहेत. त्यात काय करायचं, ते दोघं मिळून ठरवू."

"हो," भाऊ म्हणाला. बघतो म्हणाला नाही.